मना खाली

५ जानेवारी २०२५, रविवार

तीन दिवसांचं प्रशिक्षण आज संपलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बसून कंबरेचा काटा ढिला झाला. पहिल्या दिवशी आम्ही एकवीस जण होतो, काल तेरा, आज सात. काम काय, तर जे आता बरे होणार नाहीत त्यांच्या घरी जाऊन त्यांच्याजवळ बसायचं. एवढंच काम म्हटल्यावर माणसं गळणारच.

डॉक्टरांनी पडद्यावर जगाचा नकाशा दाखवला. सगळीकडे हीच रड आहे म्हणे. माणसं जास्त जगायला लागली, घरातली माणसं कमी झाली आणि शेवटच्या दिवसांत उशाशी बसायला कोणी उरलं नाही. इंग्लंडात नाही, केनियात नाही, आणि बेलापूर ते ऐरोली पट्ट्यात तर नाहीच नाही. आमच्या संस्थेकडे आत्ता घरोघरी मिळून सेहेचाळीस रुग्ण आहेत आणि स्वयंसेवक नऊ. आम्ही सात धरून सोळा.

सगळं चालवते ती निशिगंधा नावाची नर्स. तिशीची असेल. तिने तिन्ही दिवस एकच पाढा लावला होता. "तुम्ही काही करायला जायचं नाही. बसायचं. आणि पेशंट काय बोलला ते त्याला परत विचारायचं. आपल्या मनानं अर्थ लावायचा नाही." मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मास्तरणीची खोड.

घरी आल्यावर ऋता म्हणाली, "आई, तू काही न करता बसणार? तीन तास? पैज लाव."

म्हटलं, "चौतीस वर्षं वर्गात बसले आहे."

"बसलेली नव्हतीस. पट्टी घेऊन उभी होतीस." लेक माझीच, बोलण्यात मागे कशी राहील.

अर्जात एक प्रश्न होता, हे काम का करावंसं वाटतं? मी लिहिलं, 'निवृत्तीनंतरचा वेळ सत्कारणी लागावा म्हणून.' माझ्या नवऱ्याला, सुधीरना, जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. ते लिहिलं नाही. जागा तीनच ओळींची होती.

९ जानेवारी, गुरुवार

पहिला दिवस. माझ्या वाट्याला आल्यात काशीबाई, वय एकोणऐंशी, राहणार शिरवणे. ऐरोलीहून गाडीने जुईनगर, तिथून चालत दहा मिनिटं. गाव म्हणायचं, पण गल्लीत आभाळ दिसत नाही, इतक्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या. काशीबाईंचं कौलारू घर होतं तिथेच मुलाने, हरेशने, तीन मजले चढवलेत. खाली दुकानं, मध्ये भाडेकरू, तिसऱ्यावर हे. लिफ्ट आहे, पण दिवाळीपासून बंद. मी गुडघे सांभाळत वर गेले.

पोटाचा कॅन्सर. दवाखान्याने आता घरीच ठेवा म्हणून सांगितलंय. आमच्या संस्थेने दवाखान्यातला असतो तसला लोखंडी पलंग दिलाय, चावी फिरवली की वर-खाली होणारा. त्यावर काशीबाई इतक्याशा दिसत होत्या की आधी मला वाटलं नुसतीच गोधडी पसरलीय.

"ही कोन?" त्यांनी सुनेला विचारलं.

"आये, म्याडम हायत. तुज्यापाशी बसाया आयल्यात."

"कनाला?"

कनाला म्हणजे कशाला. या प्रश्नाचं उत्तर तीन दिवसांच्या प्रशिक्षणात नव्हतं. मी म्हटलं, "सहज."

"सहज कोन बसतं गो बाय? काम सोरून?" आणि त्यांनी डोळे मिटले.

मी मग तीन तास बसले. म्हणजे अर्धा तास बसले. नंतर औषधांच्या बाटल्या उंचीनुसार लावल्या, पडद्याची निसटलेली कडी अडकवली आणि सुनेला औषधांच्या वेळांचा तक्ता करून दिला. संध्या नाव तिचं. "पानी देऊ?" तिने विचारलं, आणि माझ्या तोंडात 'पाणी' अगदी येऊन थांबलं. चौतीस वर्षं या भागातल्या पोरांचं 'पानी' 'पाणी' करण्यातच गेली. आज गप्प राहून प्यायले.

१६ जानेवारी, गुरुवार

तिळगूळ नेला होता. काशीमावशींनी (आता मी मावशी म्हणते) दाताने टोक तोडून जिभेवर ठेवलं आणि बाकीचा माझ्याच हातात दिला. "तू खा. बोलशील तरी गोर."

आज त्या बोलल्या. भातशेतीबद्दल, मिठागरांबद्दल, मीठ ओढून पायांना पडलेल्या भेगांबद्दल. 'शिडको'ने जमीन घेतली त्याबद्दल. (सिडको नव्हे. शिडको.) डायरीच्या शेवटच्या पानावर मी त्यांचे शब्द लिहायला घेतलेत. मना म्हणजे मला. आयली म्हणजे आली, जेली म्हणजे गेली. कपरा म्हणजे कपडा. पाच-सहा आठवड्यांत ही बोली मला बऱ्यापैकी येईल. भाषेचा कान आहे मला, हे कोणीही कबूल करेल.

पलंगावर मात्र त्या भारी रागावलेल्या. "सारा जनम भुईवं निजली. आता या लोखंडावं चरवून ठेवलीय." मी समजावलं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हा खास पलंग आहे. पटलं नाही. माझ्याकडे बघून ओठ मुरडले, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरीसारखे.

३० जानेवारी, गुरुवार

संध्याबद्दल लिहायला हवं. चाळिशीची आहे. एकोणिसाव्या वर्षी या घरात आली तेव्हा तिला आई नव्हती. "माजी आय हीच," म्हणते. अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं एकटी करते. कोणाला हात लावू देत नाही, मलाही नाही. सासू 'आता पुरे' म्हणाली की ही म्हणते, "असं बोलाचा नाय." डोळे मात्र सारखे ओले.

हरेशचं वेगळंच. खाली दुकानांशी, भाडेकरूंशी त्याचा दिवसभर फोन चालू. आज जिन्यात मला थांबवून म्हणाला, "टीचर, काय झालं तर मी सरळ हॉस्पिटलला टाकनार हां. उद्या गाववाले बोलतील, पोराने आयला घरात मारली. ते टेन्शन नको."

वर गेले तर काशीमावशी जाग्याच होत्या. जिन्यात बोललेलं त्यांना वर ऐकू जात असेल की काय कोण जाणे. माझं मनगट धरून म्हणाल्या, "बाय, मना दवाखान्यान नेव देव नको. घरान जावाचा हाय मना. माज्या परकारान."

परकारान म्हणजे आपल्या पद्धतीने. मी शब्द दिला. म्हटलं, "मावशी, तुमच्या मनासारखंच होईल. मी बघते." मग खाली जाऊन हरेशशी अर्धा तास बोलले. आयसीयू म्हणजे काय ते मी त्याला सांगितलं. काचेचं दार, दिवसातून दोनदा दहा मिनिटं, आणि चेहऱ्यावर इतक्या नळ्या की आपलंच माणूस ओळखू येत नाही. शेवटी म्हणाला, "बरं. घरीच."

आज पहिल्यांदा वाटलं, काहीतरी केलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वर्ष झालं.

ऋताने सुट्टी घेतली होती. आम्ही दोघींनी श्रीखंड केलं, त्यांना आवडायचं म्हणून. दोघींनाही गेलं नाही.

अकरा दिवस होते आयसीयूत. नळ्या ओढायचे म्हणून त्यांचे हात पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधले होते. माझी दहा मिनिटं त्या गाठींकडे बघण्यात जायची. मी नर्सला म्हटलं, सोडा ना थोडा वेळ, मी धरून बसते. ती म्हणाली, "त्यांच्या भल्यासाठीच आहे, मॅडम." शेवटच्या दिवशी मी खाली कॅन्टीनमध्ये चहाच्या रांगेत होते. फोन आला तेव्हा माझा नंबर दुसरा होता.

माझ्या हातून त्यांच्यासाठी काहीच झालं नाही. हे मी कोणाला सांगत नाही, म्हणून इथे लिहिते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काशीमावशी आठवड्यात फार उतरल्या. जेवण सुटलं. आवाज गेल्यातच जमा, नुसता श्वास शब्दांना चाटून येतो. निशिगंधा काल येऊन गेली. म्हणाली, आता फार दिवस नाहीत, जमेल तर रोज जा. रोज जाणार.

आज संध्या कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. काशीमावशींनी डोळे उघडले, माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाल्या, "बाय. मना खाली."

मी आधी चावी फिरवून पलंग खाली केला. त्यांनी मान हलवली. नाही. उशी काढली. नाही. परत तेच, "मना खाली."

वाक्य अर्धंच. पण कर्म कळलं, दिशा कळली, की क्रियापद पुरवायला कितीसा वेळ लागतो? मना खाली ने. बाई दिवाळीपासून तिसऱ्या मजल्यावर अडकलीय. खाली ओटा आहे, जिथे पन्नास वर्षं त्यांचा दरवाजा होता, जिथे बसून मासळी निवडली, पोरं वाढवली. तिथे जायचंय त्यांना. इतकी साधी इच्छा, आणि महिनाभर कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "नेते मावशी. खाली नेते तुम्हाला." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला तर तो होकारच वाटला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हरेशला सांगितलं, "आई म्हणताहेत, मना खाली." तो चहा पीत होता. कप तसाच धरून बसला. "आय बोलली? खाली?" मग उठला आणि गाडीची चावी घेऊन निघून गेला. चहा अर्धा.

संध्या दारात उभी होती. तिला म्हटलं, "लिफ्ट दुरुस्त करून घेतली आणि आपण चाकाची खुर्ची आणली, की अर्ध्या तासाचं काम आहे. ओट्यावर बसवू त्यांना उन्हात." संध्या माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी परकी भाषा बोलते आहे. मग हळूच म्हणाली, "ओट्यावं. हां. ओट्यावं नेऊ." आणि पदराने तोंड पुसत आत गेली.

खरं सांगते, मला राग आला. आई मरायला टेकली आहे आणि एकाला फोनमधून सवड नाही, दुसरीला स्वयंपाकघरातून. त्यांना कोण सांगणार की पुढे आयुष्यभर हीच रुखरुख राहते. मला माहीत आहे ती काय असते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बंडू नावाचा लिफ्टवाला शोधला. आधी दोन आठवडे म्हणाला. मी माझा वर्गातला आवाज काढला, तर दोन दिवसांवर आला. खुर्ची संस्थेकडून मिळतेय. निशिगंधाला फोन केला तर ती रिक्षात होती, एका पेशंटकडून दुसऱ्याकडे निघालेली. विचारलं तिने, "नक्की काय म्हणाल्या त्या? तुम्ही परत विचारलंत का?"

मी म्हटलं, "निशिगंधा, मी चौतीस वर्षं मराठी शिकवलंय."

ती हसली. "सॉरी मॅडम. तुम्हाला काय सांगायचं."

काशीमावशी आजही तेच म्हणत होत्या. आज तर "मना" सुद्धा गळालं. नुसतं "खाली". प्रत्येक वेळी मी सांगते, "परवा मावशी. लिफ्ट होऊ दे." एकदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसलं. धीर धरवत नसेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काशीमावशी गेल्या. त्यांच्या मनासारखं झालं.

सगळं नीट लिहून ठेवते. बंडूने काल लिफ्ट चालू केली. आज दहाला मी पोचले तेव्हा त्यांच्या श्वासात मोठे मोठे खंड पडत होते. निशिगंधाला दोनदा फोन लावला. ती पार दुसऱ्या टोकाला, द्रोणागिरीला होती, तिथला पेशंट त्याच वेळी जात होता, उचलू शकली नाही. एक बाई किती ठिकाणी पुरणार? मग मीच ठरवलं. आज नाही तर कधीच नाही.

हरेशने आणि बंडूने त्यांना पलंगावरून उचललं. त्या वेळी त्यांनी मान वळवून फरशीकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाल्या, "हितं. हितंच." मी म्हटलं, "हो मावशी, इथूनच. ही बघा लिफ्ट आलीच." हरेश घामाने भिजला होता. संध्याला म्हटलं, चल. ती म्हणाली, "तुमी व्हा पुढं." आली नाही.

ओट्यावर कोवळं ऊन होतं. आजूबाजूच्या बायका जमल्या. कोणी "काशीवयनी" म्हणून हाक मारली, कोणी पाया पडलं. मला वाटलं, किती दिवसांनी आपली माणसं, आपली जागा. पण अंगात त्राण नव्हतं, त्या खुर्चीतून सारख्या खाली घसरायच्या. मी वर ओढून बसवलं. परत घसरल्या. तीन वेळा. खाली पडून हाड मोडलं तर काय, म्हणून मी माझी ओढणी काढून त्यांच्या कमरेभोवतीनं खुर्चीला बांधली. मऊ ओढणी, सैलच गाठ. त्यांच्या भल्यासाठीच. मग त्या स्थिर बसल्या. बोटं गाठीवर ठेवली. मी त्यावर माझा हात ठेवला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी एक श्वास आला आणि पुढचा आला नाही. हरेशने "आये" म्हणून हंबरडा फोडला.

सुधीरच्या वेळी मी चहाच्या रांगेत होते. आज मी होते. हात हातात होता. मी खूप रडले, पण त्या रडण्यानंतर वर्षभरात पहिल्यांदा छातीतलं काहीतरी सुटल्यासारखं वाटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

निशिगंधाने आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'जयमाला मॅडमनी पेशंटची शेवटची इच्छा ओळखून पूर्ण केली.' त्याखाली हात जोडलेले आणि लाल बदाम, पंचवीस-तीस. डॉक्टरांचा फोन आला, पुढच्या प्रशिक्षणात याबद्दल बोलाल का? बोलेन म्हटलं. ऋताने मिठी मारली आणि म्हणाली, "बाबांना आवडलं असतं."

भाषणाचे मुद्दे काढायला घेतलेत. पहिला मुद्दा: रुग्णाचं ऐकणं.

८ मार्च, शनिवार

दहावा होता. बाप्ये तळ्यावर गेले होते, घरी बायका. मी तिसऱ्या मजल्यावर गेले, लिफ्टने. पलंग दिसला नाही, संस्थेने नेला असणार.

कोपऱ्यात शेजारची एक म्हातारी बसली होती, काशीमावशींच्याच वयाची. मला बघून तिने दुसरीला विचारलं, "हीच का ती मास्तरीन?" मग मलाच म्हणाली, "गो बाय, तिला खाली का नाय घेतली? खुर्चीवं बसवून घालवली. बांधून?"

मी म्हटलं, "खालीच तर नेली होती आजी. त्याच म्हणत होत्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड फिरवलं.

संध्याने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"बाई," आज पहिल्यांदा तिने मला बाई म्हटलं. "मानूस जावाला लागला का त्याला पलंगावरून खाली घेतात आमच्यान. भुईवं. गोधरी टाकाची, तोंडान पानी घालाचा, तुलस ठेवाची. वरतीच ऱ्हायला तर जीव अरकतो, बोलतात. ती त्याच्यासाठी बोलत होती."

मला काही ऐकू येईना. म्हणजे ऐकू येत होतं. खाली घे. ने नव्हे, घे. एकच अक्षर. तेही मीच घातलेलं.

"तुला माहीत होतं?"

ती स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी राहिली. "मना ठाव व्हता. यांना पन ठाव व्हता. तुमाला बोलली त्याच्या दोन दिस आधी तिनं मनाच सांगितला. संध्ये, मना खाली घे. मी बोलली, आये, असं बोलशील तर मी जीव देन. लय रडली मी. मंग ती मना परत कधी नाय बोलली." तिने पदराने नाक पुसलं. "खाली घेतली असती तर ती जेलीच असती ना बाई. माज्या हातानी कशी घेऊ? मंग तुमी ओट्यावं ओट्यावं करायला लागल्या. मना वाटला, बरा झाला. त्यान चार दिस जातील. लिफ्टला अजून टाइम लागू दे, असं देवाला सांगत व्हती मी."

आम्ही दोघी तिथेच खाली बसलो, फरशीवर. बाहेरून भांड्यांचे आवाज येत होते. मग तिने विचारलं, "बाई, तिला कललं असल का? मी समजून न समजल्यावानी केली ते?"

प्रशिक्षणात शिकवलंय, खोटा दिलासा द्यायचा नाही. मी म्हटलं, "नाही गं. नसेल कळलं."

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

११ मार्च, मंगळवार

तीन दिवस झोप नाही की जेवण नाही. ऋताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझा हेतू चांगला होता, आई." मी म्हटलं, हे वाक्य परत बोलू नकोस.

दुपारी निशिगंधाला फोन करून खरं काय ते सांगितलं. ग्रुपवर लिहिलेलं पुसून टाक म्हटलं, भाषणही करणार नाही. मग ती म्हणाली, "मॅडम, कोपरखैरण्याला एक आजोबा आहेत. मुलगी नोकरीला जाते, दिवसभर एकटे असतात. माझ्याकडे खरंच कोणी नाहीये." मी सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. अजून सांगितलेलं नाही.

संध्याला मी खोटं बोलले. काशीमावशींना सगळं कळलं होतं. सून एकदा रडली तेव्हाच त्यांनी ओळखलं की हे तिच्यानं होणार नाही, मुलाच्यानं तर नाहीच. मग त्यांनी सुनेला त्याबद्दल पुन्हा एक अक्षर विचारलं नाही, तिला त्यातून सोडवलं. आणि ती गच्चीवर गेलेली बघून मला सांगितलं. मी त्यांची कोणी नव्हते. माझा जीव त्यांच्यात अडकलेला नव्हता, म्हणून मला जमेल, असं त्यांना वाटलं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, ही बाई कशाला आलीय. सहा आठवड्यांनी त्यांना माझा एक उपयोग सापडला, आणि तेवढं एकच काम त्यांनी मला सांगितलं. सात दिवस सांगत होत्या. शेवटी स्वतःच घसरून खाली जायला बघत होत्या, तर मी ओढून ओढून वर बसवलं.

त्या खोलीत दुपारी तास-तास आम्ही दोघीच असायचो. गोधडी पायाशी घडी घालून ठेवलेली असायची. पलंगाची उंची दीड हात. त्यांच्यात वजन असं काही उरलंच नव्हतं. मला एकटीला उचलता आल्या असत्या.